पांगाऱ्याच्या लाकडाची लाजवंती

खाडी जिथे दर्याच्या कुशीत शिरते, तिथे पोवळेबंदर नावाचं एक लहानसं बंदर होतं. एके काळी तिथे कौलं, मीठ आणि खजूर घेऊन शिडांची मोठमोठी गलबतं यायची. मग ती यायची थांबली. धक्क्यावर हिरवं शेवाळ चढलं, आणि गलबत कसं असतं ते मुलांना सांगावं लागू लागलं.

त्या बंदरात सोनकी नावाची मुलगी आईबरोबर झावळ्यांच्या खोपटात राहायची. सोनकी तान्ही असतानाच तिच्या बाबांना दर्याने नेलं होतं. आई दिवसभर काथ्याच्या दोऱ्या वळायची. वळून वळून तिची बोटं फुटायची, तरी कधी कधी घरात नुसती पेजच असायची. बाबांचं नाव निघालं की आईचे हात थांबायचे, म्हणून सोनकी काही विचारायची नाही. पण बाबांचा चेहरा कसा असेल, ही हुरहूर तिच्या मनातून जायची नाही.

खेळणी विकत घेणं काही जमण्यासारखं नव्हतं. सोनकी स्वतःच इवलीइवलीशी जहाजं घडवायची. करवंटीची, सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची, म्हणजे विरीची, जे सापडेल त्याची.

शेजारी जानू तांडेल राहायचे. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले होते. सोनकी रोज त्यांना पाणी भरून द्यायची आणि हात धरून धक्क्यावर नेऊन बसवायची. ते तिला आपल्या ‘लाजवंती’ गलबताच्या गोष्टी सांगायचे. सोनकीचे बाबा त्याच गलबतावर खलाशी होते. लाजवंती कधीच मोडीत निघाली होती.

एके दिवशी तांडेलआजा सांगता सांगता अडखळले. लाजवंतीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कसं वळलेलं होतं ते त्यांना आठवेना. त्यांनी हवेत बोटाने ते वळण काढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “डोळे गेले त्याचं नाही वाटलं, बाय. आता ती आतूनही पुसत चालली. एकदा तिच्या अंगावरून हात फिरवायला मिळाला असता तर.”

सोनकीने तिथेच ठरवलं. लाजवंती घडवायची.

दुसऱ्या दिवशी ती हलकं लाकूड शोधायला खाडीकाठच्या पांगाऱ्याच्या बनात गेली. सगळं बन लालबुंद फुललं होतं, जणू झाडाझाडावर कुणी कुंकवाच्या कुयऱ्या टांगल्या होत्या. एका फांदीवर काहीतरी लुकलुकत होतं. सोनकी वर चढली. बोटाएवढी एक परी तिथे अडकली होती! शिंपल्याच्या आतल्या रंगाचा तिचा झगा, चतुरासारखे झिरझिरीत पंख, आणि एका पंखात रुतलेला पांगाऱ्याचा काटा.

“हलू नकोस हं, परीताई,” सोनकी म्हणाली. पंख फाटू नये म्हणून तिने तो काटा धरून सावकाश, अगदी सावकाश काढला. दुसरे काटे तिच्याच बोटांत शिरले, तरी तिने हात मागे घेतला नाही.

परीने पंख फडफडवले आणि रुपेरी धुळीचा एक फवारा उडाला. ती म्हणाली, “सोनकी, तुला दोन इच्छा देते. पण नियम ऐक. हातांनी होणारं काम मी करून देत नाही. काळाने नेलेलं परत आणता येत नाही, फक्त दाखवता येतं. तेही सूर्य पाण्याला टेकेपर्यंतच.”

सोनकीच्या मनात आधी आलं, बाबांचा चेहरा बघायला मागावा. ती इच्छा तिने मनात जपून ठेवली आणि म्हणाली, “मला लाजवंती दाखव. पाहिल्याशिवाय घडवू कशी?”

परीने फुलातल्या मधाच्या थेंबाला बोट लावलं. त्या सोनेरी थेंबात टिकलीएवढी लाजवंती तरंगू लागली. शिडं फुगलेली, आणि नाळ हंसाच्या मानेसारखी डौलदार वळलेली! खलाशी मात्र तिळाएवढे, त्यांचे चेहरे काही दिसेनात. सूर्य टेकेपर्यंत सोनकी तिथून हलली नाही.

मग काम सुरू झालं. तिने पांगाऱ्याची वाळकी फांदी कोयत्याने तासली, पण पहिलंच लाकूड उभं चिरलं. तिने दुसरं घेतलं. खरखरीत पानांनी घासून घासून ते शिंपल्यासारखं गुळगुळीत केलं. माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीतल्या काड्यांच्या, डोलकाठ्या उभ्या केल्या. आईने काथ्याच्या धाग्यांचे इवलेसे दोर वळून दिले, आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यांची शिडं शिवली. शेवटी सोनकीने गलबताला माशाचं तेल चोळलं, अगदी खऱ्यासारखं.

एका कलत्या दुपारी तिने ते गलबत धक्क्यावर बसलेल्या तांडेलआजांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना आधी वास आला. मग त्यांची बोटं नाळेवरून फिरली, सुकाणूपाशी थांबली, एकेका दोरावरून चालत वर गेली. “लाजवंती,” ते म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “बाय, वाऱ्यावर हिची शिडं फुगतात का गं? कशी दिसतात?”

सोनकीने कितीतरी शब्द शोधले. एकही पुरेसा वाटेना. तिने डोळे पुसले आणि हाक मारली, “परीताई, माझी दुसरी इच्छा आजांना दे. त्यांना लाजवंती दिसू दे.”

मोगऱ्याच्या कळीसारखा प्रकाश उमलला. डोलकाठीच्या टोकावर परी उभी होती. “तुझ्यासाठी मग काही उरणार नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे,” सोनकी म्हणाली.

परीने तांडेलआजांच्या पापण्यांना पंख लावला. त्यांनी डोळे उघडले. सोनकीला समोर नुसती रिकामी खाडी दिसत होती. पण आजा उठून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. आली, आली, भरल्या शिडांनी आली, असं ते पुटपुटत होते. पाहता पाहता ते म्हणाले, “दोरापाशी तुझा बाप उभा आहे, पोरी. हसतोय.”

मग ते तिच्याकडे वळले. सोनकीला त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहतच राहिले.

“अगं, तोच चेहरा! तेच कपाळ, हनुवटीवरची तीच खळी. त्याला पाहायचंय तुला? पाण्यात वाकून बघ.”

सोनकी धक्क्याच्या कडेला ओणवी झाली. केशरी पाण्यातून एक चेहरा तिच्याकडे पाहत होता, आणि ती पहिल्यांदाच त्याला ओळखत होती. तिने धावत जाऊन आईला आणलं. “आई, बघ, बाबा!”

आईने पाण्याकडे पाहिलंच नाही. फुटल्या बोटांनी सोनकीचा चेहरा कुरवाळत ती म्हणाली, “मला तर तो रोज दिसतो गं.” आणि त्या संध्याकाळी तिने बाबांबद्दल सगळं सगळं सांगितलं.

सूर्य पाण्याला टेकला. परी कणाकणाने उजळत गेली, लाटालाटांवर सोनं सांडलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली. आजांचे डोळे पुन्हा मिटले, पण लाजवंती आता त्यांच्या आत पक्की नांगरलेली होती.

ही गोष्ट किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. गावोगावचे म्हातारे खलाशी सोनकीकडे येऊ लागले. कुणी तांदूळ आणायचं, कुणी नारळ, कुणी आईसाठी मऊसूत लुगडं. प्रत्येकाच्या मनात एक हरवलेलं गलबत असायचं. सोनकी त्यांना जवळ बसवायची, पांगाऱ्याचं लाकूड हातात घ्यायची आणि आधी विचारायची, “नाव काय होतं तिचं?”