न उपसलेली बारव

एका राज्यात काळ्या पाषाणाची, शंभर पायऱ्यांची जुनी बारव होती. राजा विक्रांतसेनाचा तिच्यावर फार जीव. तिचे दगड झिजू नयेत म्हणून त्याने जादूगाराकडून तिला मंत्राचे कुंपण घातले. जो पाणी भरील, तो पाषाण होईल!

बारवेजवळ राहणाऱ्या धुरपदा नावाच्या मुलीच्या आईला हे ठाऊक होते. पण एके दुपारी दारात एक वाटसरू तहानेने कोसळला आणि नदी दोन कोसांवर. आईने बारवेत घागर बुडवली आणि वाकलेली तशीच दगड झाली.

धुरपदा भिडस्त पोर. रोज येऊन ती आईच्या दगडी पाठीवरची धूळ पुसे. पाणी रोज बोटभर खाली जाते, हे फक्त तिनेच पाहिले.

एकदा कोनाड्यातला पारवा बोलला, “राजाने इथे अनवाणी यावं. आपल्या हाताने पाणी भरावं. पहिला घोट आपण न घेता तुझ्या आईला पाजावा. मग मंत्र सुटेल.”

“आणि यातलं एक राहिलं तर?”

“तर राजाही दगड.”

धुरपदा राजवाड्यात गेली. द्वारपाल हसला, “काय गं, जीभ घरी विसरलीस?” आणि त्याने तिला आत सोडले.

राजापुढे मात्र तिने पारव्याचे बोल जसेच्या तसे सांगितले. धोकाही लपवला नाही.

“मी बारवेला जपलं, हा माझा गुन्हा?” राजाने विचारले.

“महाराज, जपायची म्हणून गाय पिळलीच नाही, तर ती आटते. उपसा थांबला, झरे बुजले. बारव मरतेय.” ती एक पाऊल पुढे आली. “आणि तिथे माझी आई आहे.”

राजाने मोजड्या काढल्या.

तापल्या पायऱ्या उतरून त्याने घागर भरली. बोटे दगडाची झाली, मग मनगटे, आणि दगड कोपराकडे चढू लागला. घशाला कोरड पडली. घागर त्याच्याच ओठांशी आली होती.

“महाराज!” धुरपदा ओरडली.

राजाने घागर आईच्या तोंडाशी कलती केली.

दगड ओला झाला, मऊ झाला आणि त्याला ठसका लागला. “अगं बाई, पाठ धर माझी! किती दिवस वाकून उभी आहे मी!” आई म्हणाली. धुरपदेने तिला मिठीच मारली. राजाचे हात मोकळे झाले. तळाशी झरे खळखळले.

राजाने पायरीवरूनच हुकूम सोडला, “बारवेचा एकही दगड कुणी हलवू नये. पाणी मात्र रोज भरावं.”

क्षणात घागरींची रांग लागली. राजा तहानेला होता. त्याला बायांनी शेवटी उभे केले, आणि तो उभा राहिला.