धाकूबायचा फणस

किती वर्षं झाली ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. निरवळच्या व्हाळावर तेव्हा साकव नव्हता. व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा. पलीकडे जायचं तर पाण्यात पाय घालावाच लागे, मग तो गावकर असो की गुराखी. त्या काळातली ही गोष्ट. माझ्या आजोबांनी मला सांगितली, त्यांना कुणी सांगितली ते त्यांनी सांगितलं नाही. येता येता प्रत्येकाने चिमूटभर मीठ घातलं असणार. तेवढं गोष्टीला लागतंच.

तेव्हा निरवळात रवळोजी गावकर होते. देवळातला पहिला मान त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा. माणूस वाईट नव्हता, पण ताठ होता. बायको गेली तेव्हासुद्धा त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. त्यांच्या वडिलांनी लहानपणीच त्यांना सांगून ठेवलं होतं, "गावकार रडलो की गावाचो धीर सुटता." त्या एका वाक्यावर त्यांनी सगळा जन्म काढला.

त्यांच्या अंगणात घरासमोर एक फणस होता. एवढा मोठा, की त्याची सावली सकाळी घरात निजायला जायची आणि संध्याकाळी व्हाळावर पाणी प्यायला यायची, असं म्हणतात. वैशाखात तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडायचा, आणि पिकल्या गऱ्यांच्या वासाने वाटसरू वाट चुकून गावकरांच्या दारी यायचे.

व्हाळाच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर धाकूबाय राहायची. ती धनगरीण. नवरा नाही, मूल नाही, शेरडं मात्र उदंड. किती ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ती मोजू द्यायची नाही. मोजलं की दृष्ट लागते, म्हणायची. प्रत्येक शेळीला नाव होतं आणि हाक मारली की तीच शेळी यायची. एकदा तिच्या शेरडांनी व्हाळ ओलांडून रवळोजींची आंब्याची कोवळी कलमं फस्त केली. रवळोजी चिडले. त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, देवासमोर बोलून टाकलं, की ह्यापुढे धाकूच्या शेरडांचा खूर व्हाळाच्या अलीकडे पडता कामा नये. देवाला सांगितलेलं आहे म्हटल्यावर धाकूबायने ते पाळलं, आणि शेरडांनीही पाळलं. पलीकडच्या काठावर उभी राहून ती फणसाकडे बघत राहायची.

मग रवळोजींना नातू झाला. मुलगा गलबतावर दूर गेलेला, घरात सून शेवंती आणि तिचं तान्हं. बारशाला सगळा गाव जेवायला घालायचा, तर अंगण अपुरं पडणार. रवळोजींनी अंगण वाढवायला काढलं. वाढवताना फणसाची एका बाजूची मुळं आड आली, ती त्यांनी तोडायला लावली. म्हातारी माणसं म्हणाली, फणसाची मुळं तोडू नयेत. रवळोजींनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळी, डोंगरावरून वारा उतरला. पाऊस नाही, ढग नाही, नुसता वारा. गाईंनी माना खाली घातल्या आणि विहिरीतलं पाणी वर येऊन बघून गेलं, असं म्हणतात. त्या वाऱ्यात फणस घरावर आला. आमच्याकडे त्याला पडला म्हणत नाहीत, निजला म्हणतात. तो सावकाश कलला, घराच्या आढ्यावर मान टेकली आणि तसाच राहिला. मुळांकडे मातीची भिंतच्या भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे माणूसभर खोल खड्डा उघडा पडला.

रवळोजी तेव्हा देवळात होते. धावत आले तर घराचं दार फांद्यांखाली गडप झालेलं. मागची मातीची भिंत फुगून बाहेर आलेली. तिला हात लावावा तर आढं खाली येणार. आणि आत शेवंती, मांडीवर तान्हं. हाक मारली तर तिचा आवाज आला. दोघंही धड होती, कोपऱ्यात दगडी जोत्याला टेकून बसली होती. तान्ह्याचा पाळणा मात्र वर तुळईला तसाच टांगलेला होता, रिकामा.

गावातले धट्टेकट्टे गडी कुऱ्हाडी घेऊन आले. खोड तोडायचं, सरळ गोष्ट. पहिला घाव बसला मात्र, आतून शेवंती ओरडली.

"मामंजी, पाळणो हललो."

सगळे थांबले. कुणाला काही कळेना. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून धाकूबायची हाक आली. तिचा आवाज डोंगरभर शेरडांना ऐकू जायचा, व्हाळ कितीसा रुंद.

"खोडाक हात लावू नकात. घरान झाड धरलला आसा. खोड तोडलास तर सगळा त्या पोरीच्या अंगावर जातला."

रवळोजी व्हाळापर्यंत आले. दोघांच्या मध्ये पाणी. त्यांनी विचारलं, "मगे काय करूचा?"

"आधी ओझा उतरवचा. फणस काढा, पालो काढा, बारीक फांदये काढा. शेंड्याकडसून येवचा, बुंध्याकडसून नाय. आणि पाल्याक कुराड नको, धक्को बसता. पाल्याक माझी शेरडां व्हयी."

"घेवन ये तर."

"कशी आणू? तुम्हीच देवाक सांगलास."

रवळोजी जोडे न काढता पाण्यात उतरले. पलीकडे गेले, वाकले, आणि धाकूबायची म्होरकी शेळी चांदी, तिला त्यांनी उचलून खांद्यावर घेतली. त्यांच्या पागोट्यावर तिने एक पाय ठेवला. देवळाकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा, बोललंय ता मीच बोललंय. आज मीच खांद्यारसून घेवन येतंय. काय तो दोष माझो." आणि ते व्हाळ ओलांडून आले. त्यांच्यामागे बाकीची शेरडं पाण्यात उतरली. ती संपेचनात. डोंगर रिकामा होईपर्यंत येत राहिली, असं म्हणतात.

अंगणात आल्यावर धाकूबायने आधी घराला नमस्कार केला, मग फणसाला. मग शेवंतीला हाक मारून सांगितलं, "बाय, तुझी नजर पाळण्यार ठेव. हललो की सांग. थांबलो की सांग. बाकी काय करू नको." गावाला सांगितलं, बोलू नका, धावू नका. आणि खड्ड्याकडे बोट करून म्हणाली, "थय कोण जाव नकात. फणस निजललो आसा, मरूक नाय. ओझा गेला की तो उठतलो, आणि खड्डो मिटतलो."

झाड उठणार म्हटल्यावर काही जण हसले. पण खड्ड्याजवळ कुणी गेलं नाही.

मग तो दिवस सुरू झाला. तसा दिवस निरवळात पुन्हा उगवला नाही. आधी फणस उतरवले, एकेक दोरीला बांधून, खाली लुगडी धरून, की धप्प असा आवाजसुद्धा होऊ नये. मोठ्या शेळ्या जमिनीवर मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि खालचा पाला खाऊ लागल्या. करडं वर चढली. धाकूबाय एकेकाचं नाव घेई आणि बोटाने फांदी दाखवी. पाखरू बसावं तशी ती फांद्यांवर बसत, आणि पानाला कळायच्या आत पान पोटात जाई. सगळं गाव गप्प उभं होतं. फक्त शेरडांच्या खाण्याचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. ऐकता ऐकता उभ्या माणसांचे डोळे मिटत. कुणाला वाटे आपण लहान आहोत आणि आई शेजारी तांदूळ पाखडते आहे.

अधूनमधून आतून आवाज येई, "पाळणो हललो." सगळ्यांचे हात थांबत. शेरडंही तोंडातलं पान तोंडातच धरून थांबत, असं म्हणतात. "थांबलो." मग पुन्हा खाणं सुरू. जिथला पाला संपला तिथली फांदी गडी हलक्या हाताने करवतीने कापत आणि दोरीने खाली सोडत. जसजसं झाड हलकं होत गेलं तसतसा आढ्यावरचा भार कमी होत गेला. दुपारी आढं आणि खोड यांच्यामधून उजेडाची एक रेघ दिसली, काडीएवढी. गावातल्या बायांनी ती पाहून हात जोडले.

रवळोजी उन्हात उभे होते. पाणी प्यायले नाहीत, बसले नाहीत. तान्हं आत रडत होतं, आणि ते रडणं हाच त्यांचा आधार होता. ऊन कलायला लागलं तेव्हा ते रडणं हळूहळू बारीक झालं. मग थांबलं. त्यांनी हाक मारली, "शेवंते." उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही.

खरं तर आत काय झालं होतं, तर दमून तान्हं आईच्या अंगावर झोपलं होतं आणि त्याच्यापाठोपाठ आईचाही डोळा लागला होता. पण ते बाहेर कुणाला कळणार. रवळोजींना रडू आवरेना. गावासमोर तर रडायचं नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं झाडाच्या शेंड्याकडे होती, तिथे शेवटची जाड फांदी कापली जात होती. आडोसा अंगणात एकच होता, मुळांच्या मातीच्या भिंतीमागचा. रवळोजी तिथे गेले. खड्ड्यात उतरले. पागोटं काढून तोंडात धरलं, म्हणजे आवाज बाहेर जायला नको, आणि बायको गेल्यापासूनचं सगळं रडू लागले.

फांदी सुटली. आढ्यावरून खोड अलगद उचललं गेलं. आतून शेवंती जागी होऊन ओरडली, "पाळणो हललो. मामंजी, पाळणो हललो." पण ह्या वेळी थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. फणस उठत होता. लोक तोंड उघडं टाकून बघत राहिले.

धाकूबायने मात्र वर पाहिलंच नाही. तिने अंगणात नजर फिरवली, आणि गावकर कुठे दिसेनात. ती धावली. ती धावलेली त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी पाहिली. खड्ड्यात उडी घेऊन तिने रवळोजींना दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, रागाने नाही, करडाला बोलावं तसं, "गावकारानू, रडाचा आसला तर अंगणात जावन रडा. हय नको." आणि सगळी ताकद लावून तिने त्यांना वर ढकललं. रवळोजी काठावर पालथे पडले. त्यांच्यामागे माती बसल्याचा मोठा, मऊ आवाज झाला. फणस आपल्या जागी उभा होता, बिनफांद्यांचा, बिनपानांचा. खड्डा मिटला होता.

लोक धावले. पहारी आणल्या, हातांनी माती उकरली. अंधार पडेपर्यंत उकरली. मुळं एकमेकांत अशी विणली गेली होती की त्यातून पहार जाईना. धाकूबाय सापडली नाही.

कुणी म्हणतं, ती फणसातच आहे. कुणी म्हणतं, मुळांच्या दुसऱ्या बाजूने ती बाहेर पडली, कारण तिन्हीसांजेला डोंगरावरून तिची हाक आली, आणि अंगणातली सगळी शेरडं कान टवकारून उठली, रांगेने व्हाळात उतरली आणि वर गेली. एकटी चांदी गेली नाही. ती बुंध्याला अंग टेकून बसून राहिली. मला विचाराल तर हाक आली असावी. पण चांदी का गेली नाही, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि म्हणून मला त्या गोष्टीचं वाईटच वाटतं.

दार मोकळं झालं आणि शेवंती तान्ह्याला घेऊन बाहेर आली. ते डोळे चोळत होतं. तिने त्याला आजोबांच्या हातात दिलं. रवळोजी अंगणाच्या मधोमध उभे होते, डोक्यावर पागोटं नाही, अंगभर माती. गावाने पाहिलं, सगळ्या गावाने, की गावकर रडताहेत. तोंड न झाकता, मोठ्याने, लहान मुलासारखे. आणि गावाचा धीर काही सुटला नाही. ते तान्ह्याला घेऊन खाली बसले, तसा एक जण पुढे आला आणि त्यांच्या शेजारी बसला. मग दुसरा आला. रात्री कुणी घरी गेलं नाही.

पुढच्या वैशाखात फणसाला बुंध्यातून फुटवे आले. झाड अजून आहे. आमच्या गावात कुठलंही झाड घरावर कललं की आधी शेरडं बोलावतात, मग कुऱ्हाड. शेजारच्या गावांनीही हे उचललं आहे.

दुसरं मात्र त्यांनी उचललं नाही. निरवळात कुणा बाप्याला रडायचं असेल, तर तो शेताच्या बांधाआड जात नाही. तो गावकरांच्या अंगणात येतो आणि फणसाखाली बसतो. घरातली सून पाट मांडते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि काही विचारत नाही. बाजारात आम्हाला निरवळचे रडे म्हणतात. म्हणोत बापडे. माझे वडील गेले तेव्हा मीही जाऊन बसलो होतो. थोड्या वेळाने कुणीतरी येऊन माझ्या शेजारी बसलं. कोण ते मी पाहिलं नाही.