बिनखड्याचं अंगण

एका गावात एक सासू होती आणि तिच्या घरात औषधालाही खडा सापडत नसे. आपल्या हातची भाकरी खाताना आजवर कुणाच्या दाताखाली कच्च झालं नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ऐकणारे माना डोलवायचे. म्हाताऱ्या माणसापुढे मान डोलवायला अक्कल लागत नाही.

त्या घरात नवी सून आली. येताना माहेरची एक कोंबडी घेऊन आली. माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं. कोंबडीने पिलं काढली आणि थोड्याच दिवसांत रानमांजराने कोंबडीच नेली. सासऱ्याने हुकूम सोडला, पिलं अंगणाच्या भिंतीबाहेर जायची नाहीत. हुकूम ठीकच होता. पण अंगण सासूचं. रोज सारवलेलं, रोज झाडलेलं, खडा दिसला की उचलून भिंतीपलीकडे. पिलांची ज्वारीसुद्धा ती सुपात घेऊन निवडायची.

पिलं लहान होती तोवर कण्यांवर निभावलं. मग पिसं फुटली, पाय लांब झाले. सासू म्हणाली, आता काही ही तान्ही नाहीत, अख्खी ज्वारी घाला. घातली.

एक पिलू मान टाकून बसलं. सुनेने उचललं तर गळ्याखालची पिशवी गच्च. कालचा दाणा तसाच. दुसऱ्या दिवशी ते गेलं. मग आणखी एक. सून सकाळी पिलांवर झाकलेलं डालं उचलायच्या आधी खालून हात घालून चाचपायची, कोण ऊबदार आहे, कोण गार. बोटांना गार लागलं की ते बाजूला काढायची. उरलेली मोजायचं धाडस व्हायचं नाही.

सासरा म्हणाला, नजर लागली. शेजारीण म्हणाली, नव्या सुनेचा पायगुण. सासू अंगण दोनदा झाडू लागली.

सुनेला आठवलं, माहेरच्या कोंबड्या ओढ्याकाठी टोचत हिंडायच्या. तिने ओढ्यातली मूठभर वाळू आणून टाकली. वाळू पिठासारखी बारीक, पिलांच्या पोटातून तशीच बाहेर पडली. मग रस्त्यावरची खडी आणली, ती चोचीत मावेना. सासूने दोन्ही वेळा सगळं झाडून काढलं आणि आळीभर सांगितलं, की आमच्या सुनेच्या माहेरी जेवायला दगडच वाढत असणार.

अशात एक दिवस पाथरवट आला. सासूचं जातं गुळगुळीत झालं होतं, दाणा नुसता घरंगळायचा. पाथरवटाने जात्याचे दगड अंगणात मांडले आणि छिन्नीने टाकी घालून ते खडबडीत करायला लागला. कपच्या उडाल्या, बऱ्याचशा ज्वारीच्या दाण्याएवढ्या. सकाळपासून डोळे मिटून बसलेली पिलं उठली, धडपडत आली आणि कपच्या टिपायला लागली.

सासू केरसुणी घेऊन आली. सुनेने केरसुणीवर पाय ठेवला.

पाथरवटाची हातोडी थांबली.

"पाय काढ," सासू म्हणाली. "लक्ष्मी आहे ती."

"काढते, आत्याबाई. आधी सांगा, जात्याला टाकी कशाला घालताय?"

"कशाला म्हणजे? गुळगुळीत दगडावर दळण पडतं होय?"

"मग ह्यांनी दळायचं कशावर?"

"कुणी?"

"पिलांनी. दाणा पोटातल्या खड्यांवर दळतात ती. कोंबडीला दात असतात का?"

सासूने पिलांकडे पाहिलं.

"राहू दे की, म्हातारे," पाथरवट म्हणाला. "तुझ्या जात्याचं उष्टंच खातायत ती, तुझं काय खातायत?"

सासऱ्याला एकदम गोठ्यात काहीतरी काम आठवलं.

सुनेने कपच्या गोळा केल्या. भुकटी चाळून काढली, मोठ्या वेचून टाकल्या आणि उरलेल्या करवंटीत भरून भिंतीशी ठेवल्या. दिवसभर ती करवंटीकडे बघत राहिली.

सकाळी तिने डाल्याखाली हात घातला. एक गार होतं. बाकीची ऊबदार, आणि त्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या मऊ पडलेल्या.

आधी मेलेली पिलं सासरा पुरून यायचा. हे तिने स्वतः नेलं. भिंतीपलीकडे गेली आणि जागीच थांबली. सासूने वर्षानुवर्षं वेचून फेकलेल्या खड्यांचा ढीग तिथे होता. दाण्याएवढे, टणक, हवे तसे. त्या ढिगाच्या पायथ्याशीच सासऱ्याने पिलं पुरली होती. तिने हातातलं पिलू त्यांच्याशेजारी ठेवलं, वर माती लोटली आणि पदरात खडे भरून घरी आली.

पुढे पिलांच्या कोंबड्या झाल्या, अंडी देऊ लागल्या. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्यात कोंबड्यांना खडे घालायची पद्धत पहिल्यापासूनची. आळी माना डोलवायची. सून तेवढी डोलवायची नाही.

तात्पर्य: वाढत्या जिवाच्या वाट्याचे खडे त्याच्या चोचीच्या मापाने त्याला मिळू द्या. सगळे वेचून फेकलेत तर निवडलेला दाणाही त्याच्या जिवावर उठतो, आणि तेव्हा नजर लागली म्हणू नका, केरसुणी तुमच्याच हातात होती.