कॅनरीचा अबोला

फार पूर्वी सागरतीरावरच्या रत्नवेल नगरात सुकेतू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने दूरच्या एका पश्चिम बेटावर रानपक्ष्याचा जन्म घेतला होता. आज आपण ज्याला कॅनरी म्हणतो, तोच हा पक्षी. अंग हिरवट, पाठीवर तपकिरी रेघा, चिमणीएवढा जीव; पण गळा असा, की ऐकणाऱ्याने हातातले काम विसरावे. दाण्याच्या ओढीने तो एका गलबतात शिरला आणि या नगरात पोहोचला. गलबत परत निघेपर्यंत तो राजाच्या बागेत राहणार होता.

राजाच्या पिंजऱ्यातही एक कॅनरी होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसांत वाढलेल्या घराण्यातला, हळदीसारखा पिवळा. त्याचे गाणे ऐकल्याखेरीज राजा अंथरूण सोडीत नसे.

एके दिवशी त्याचे गाणे थांबले. राजाला वाटले, पक्ष्याने अबोला धरला. त्याने लाडीगोडी लावली, अंजीर भरवून पाहिले; मग मात्र त्याचे डोके फिरले.

“उद्या सकाळी गायला नाही, तर मांजरापुढे टाका!” त्याने सेवकांना बजावले.

ते ऐकून बोधिसत्त्व पिंजऱ्यापाशी आला. “दादा, काय झालं?”

“पिसं झडताहेत रे,” पिवळा पक्षी म्हणाला. “अंगात त्राण नाही. नवी पिसं येईपर्यंत आपला गळा बंदच असतो, पण मी सांगितलं, तर चिडलेल्या राजाला ते निमित्तच वाटेल.”

पहाटे गलबताने शीड उभारले. बोधिसत्त्वाला घराची फार आठवण आली. तरी तो पिंजऱ्यामागच्या जाईच्या वेलात शिरला आणि गाऊ लागला. राजा हरखून पिंजऱ्याजवळ आला. पाहतो तो आतल्या पक्ष्याची चोच मिटलेली!

“हे गातंय कोण?”

बोधिसत्त्व समोर आला. “मी, महाराज. हा रुसलेला नाही, पिसं बदलतो आहे. थकलेल्याच्या गप्प बसण्याला राग समजू नये.”

राजा ओशाळला. त्याने पिंजऱ्याचे दार सताड उघडले. पण पिवळा पक्षी हलला नाही.

“महाराज, माझ्या पणज्यानंही कधी दाणा शोधला नाही. या रंगावर बाहेर ससाणा लांबूनच झडप घालील. मी इथंच राहीन. फक्त कधीमधी गप्प बसायची मुभा द्या.”

राजाने ती आनंदाने दिली. बोधिसत्त्व पुढच्या गलबताने घरी परतला. नव्या पिसांनिशी पिवळा पक्षी पुन्हा गाऊ लागला, तेव्हा त्याच्या गाण्यात त्या रानपक्ष्याच्या ताना होत्या.

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, आजारी सोबती पाठ म्हणत नाही म्हणून त्याच्यावर चिडलेला हा भिक्षू चंदक हाच तेव्हाचा राजा. तो आजारी सोबती म्हणजे पिवळा पक्षी. वेलात बसून गाणारा मीच होतो. चंदका, जा, आज त्याचा पाठ तू म्हण. यालाच करुणा म्हणतात.”