ओराशिना गावातले बिअरचे रिंगण

मंडळी, वाढण्याआधी एक विचारतो. परमुलखात भरवसा कोणावर ठेवावा? जो गोड हसून वाढतो त्याच्यावर, की जो तुमच्या ताटातले आधी स्वतः तोंडात टाकतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी समोरची ताटे पाहा.

ताटाभोवती ओले वर्तुळ दिसते ना, ते पाण्याचे नाही, बिअरचे आहे. ते पुसू नका. मागे एका पाहुण्यांनी टेबल अस्वच्छ आहे असे समजून कागदी रुमालाने ते पुसून टाकले. मालकीण बिअरचा मग घेऊन आली आणि पुन्हा रिंगण काढून गेली. त्यांनी पुन्हा पुसले, तिने पुन्हा काढले. शेवटी पाहुण्यांचे रुमाल संपले. उजव्या हाताला मक्याच्या भाकरीचे, म्हणजे इथल्या प्रोयाचे, पाच लहान घास ओळीने मांडले आहेत. चार मालकीण येऊन खाईल, पाचवा तुम्ही खायचा, मग जेवण सुरू. ज्यांच्या घरी अजून चित्राहुती घालतात त्यांना हे ओळखीचे वाटेल आणि खटकेलही. चित्राहुतीचे घास चित्राचे, चित्रगुप्ताचे, यमाचे, यमधर्माचे, आणि शेवटचा सर्व भूतमात्रांचा. ते माणसाने खायचे नसतात.

इथे खातात. का, ते असे सांगतात.

या डोंगरांतला तुर्की अंमल उतरणीला लागला होता, त्या काळची गोष्ट. राजापूरकडचा धाकूशेट नार्वेकर नावाचा मिरीचा व्यापारी बसऱ्यावरून इस्तंबूलला आणि तिथून डॅन्यूबच्या काठाकाठाने वर सर्बियात आला. त्या वर्षी थंडीने घाई केली. नदी गोठली, घाट बर्फाने बंद झाला आणि धाकूशेट मिरीच्या पोत्यांसकट ओराशिना गावात अडकला. उतरायला जागा एकच होती, ती ही खानावळ. स्ताना नावाची विधवा ती चालवत असे. तिचा नवरा नदीपलीकडच्या जर्मनांकडून जवाची बिअर करायला शिकून आला होता, म्हणे. तो गेला, पण भट्टी तिने विझू दिली नाही.

धाकूशेट दारूला शिवणारा नव्हता. पण या गावात नुसते पाणी मागणाऱ्याकडे लोक तो आजारी असल्यासारखे पाहत. तेव्हा ही जवाची आंबवलेली पेज आहे, आपल्या आंबिलीची थोरली बहीण, अशी त्याने मनाची समजूत घातली. पहिल्या मगाला समजूत लागली, दुसऱ्याला लागली नाही. खाण्यातही त्याचे चांगले जमले. मातीच्या भांड्यात मंद आचेवर भाजून मुरलेल्या पांढऱ्या घेवड्याला इथे प्रेब्रानात्स म्हणतात. त्यात त्याने आपल्या डब्यातली हिंगाची चिमूट टाकली आणि त्याला घरच्या वालाच्या उसळीची आठवण झाली. भाजलेल्या तांबड्या मिरच्यांचा आयवार ही त्याची चटणी आणि खारवलेल्या सायीचा कायमाक हे त्याचे लोणी.

अडले ते एकाच ठिकाणी. खानावळीच्या कोपऱ्यात बिअरचे मोठे उघडे पिंप असे. जो तो आपला मग त्यात बुडवी, पिई आणि तोच मग पुन्हा बुडवी. धाकूशेटच्या अंगावर काटा आला. पहिल्याच दिवशी त्याने हातवारे करून स्तानाला समजावले की हे उष्टे मला चालायचे नाही, मला वेगळे द्या. स्ताना थोडी घुटमळली, मग आतल्या खोलीत गेली आणि त्याचा मग भरून घेऊन आली. आत एक लहान पिंप होते. त्या दिवसापासून त्याची बिअर त्यातून येऊ लागली. धाकूशेट समाधानाने जेवला आणि आपण काय मागितले ते विसरून गेला. तुम्ही मात्र विसरू नका.

नाताळाच्या सुमारास गावात पोटाचे दुखणे शिरले. आधी गिरणीवाला म्हातारा गेला, मग त्याची सून. घरोघरी अंथरुणे पडली. परका माणूस मात्र ठणठणीत. तो बाकावर येऊन बसला की बाक रिकामा होऊ लागला. त्याचा हिंगाचा डबा लोकांनी हुंगला होता, आणि इतक्या उग्र वासाची वस्तू कोणी आवडीने खात असेल हे पटण्यासारखे नव्हतेच. शिवाय जेवणाआधी तो ताटाभोवती बोटांनी रिंगण काढतो, काही पुटपुटतो आणि न दिसणाऱ्या कोणासाठी पाच घास बाजूला ठेवतो, हेही सर्वांनी पाहिले होते.

इकडे धाकूशेटचीही झोप उडाली. अर्धी भाषा कळणाऱ्याला पूर्ण भाषेपेक्षा जास्त ऐकू येते. त्याला कुजबुजीतून ‘पोती’ कळे, ‘बर्फ’ कळे, आणि मधले सगळे तो स्वतः भरून घेई. तो पाहू लागला तसे त्याला दिसू लागले. सगळ्यांची बिअर बाहेरच्या पिंपातली, मग आपलीच आतून का? त्या लहान पिंपाला कुलूप का? स्ताना स्वतः त्यातला थेंबही का घेत नाही? एकदा त्याने सौजन्य म्हणून आपला मग तिच्यापुढे केला, तर ती चटका बसल्यासारखी मागे सरली आणि तिने छातीवर क्रूस काढला. व्यापारात पहिला धडा हा, की जो दुकानदार आपल्या बरणीतले स्वतः खात नाही त्याच्या बरणीत हात घालू नये. माणूस एकटा, घाट बंद, आणि खोलीत सोन्याच्या मोलाची मिरी. धाकूशेटला जे कळायचे ते कळले.

उपाशी राहावे तर थंडी मारणार. मग त्याने एक युक्ती काढली. पाण्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून रिंगण तो बिअरचेच काढी. आता पाचही घास तो त्याच बिअरमध्ये बुडवू लागला आणि मांडून स्वस्थ बसू लागला. खानावळीतली करडी मांजर बाकावर उडी मारून ते खाई. ती पंजे चाटत निवांत बसली, की मग धाकूशेट जेवायला हात घाली. देवांच्या नावाचे घास त्याने विषाच्या पारखीला लावले. तोंडाने ‘चित्रगुप्ताय नमः’ म्हणायचे आणि डोळा ठेवायचा मांजरीच्या पोटावर.

स्ताना वाढत असे, उचलत असे आणि बघत असे.

एका दुपारी गावचा मुखिया मिलुतीन माणसे घेऊन दारात उभा राहिला. आपल्याकडचा पाटीलच म्हणा. त्याच्या घरातही दोघे अंथरुणावर होते. आत न येताच तो म्हणाला, “स्ताना, या माणसाला आज घाटावर सोड. नाहीतर तुझी भट्टी आम्ही फोडतो. दोन्हींतलं एक विष आहे, आणि कुठलं ते शोधत बसायला आता वेळ नाही.”

त्या दिवसांत घाटावर सोडणे म्हणजे मारणेच. धाकूशेटला यातला शब्द न् शब्द कळला. तो ताटापुढे बसला होता. रिंगण काढलेले, घास मांडलेले. मांजर चुलीजवळ झोपली होती, ती काही उठेना.

स्ताना ताटाकडे पाहत राहिली.

“शेट, मांजरीची वाट बघताय?”

धाकूशेटने मान खाली घातली.

“तिचं पोट भरलंय आज. मी बसते.”

ती समोर बसली आणि पहिला घास उचलून तिने तोंडात टाकला. धाकूशेटने तिचे मनगट धरले. “बाई, ते खाऊ नका. ते यमाचे आहेत. मेलेल्यांच्या राजाचे.”

“मांजरीला चालतात?”

त्याचा हात सैल पडला. तिने दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला, चौथा खाल्ला, सावकाश, चावून. पाचव्याकडे तिचा हात गेला तेव्हा धाकूशेटने तो झडप घालून उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. विष असेल तर दोघांना, यम येणार असेल तर दोघांसाठी, असे त्याच्या मनात आले, असे सांगतात. काही म्हणतात, त्याच्या मनात काहीच आले नाही, लाज तेवढी वाटली.

मग स्ताना बोलली. “तुमच्या राजाचं मला ठाऊक नाही, शेट. माझं मात्र व्रत मोडलं.”

सर्बियात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस दिवा लावून पाळतात. नवऱ्याच्या पश्चात तो दिवस स्ताना एकटी पाळत असे. त्यासाठी दर वर्षी टेकडीवरच्या अक्रोडाखालच्या झऱ्याचे पाणी ती खांद्यावरून आणी, त्याच पाण्याने पिंप धुवी, त्याचीच बिअर करी, आणि संताचा दिवा लागेपर्यंत घरातल्या माणसाने ती चाखायची नाही असा तिचा नेम होता. त्या लहान पिंपात ती बिअर होती.

“तुम्ही पहिल्या दिवशी वेगळं मागितलंत,” ती म्हणाली. “माझ्याकडे दुसरं वेगळं होतं कुठं? पाहुणा घरचा नसतो, म्हणून तुम्हाला चाललं. मला चालत नव्हतं.”

तेव्हा धाकूशेटला तो पहिला दिवस आणि आपले हातवारे आठवले. मान वर करणे त्याला जमेना.

पण दारातला मिलुतीन हुशार माणूस. त्याने व्रत, यम सगळे बाजूला ठेवून एकच धागा पकडला. “म्हणजे हा इतके दिवस वरच्या झऱ्याचं पितोय. आणि आम्ही?”

“तुम्ही खालच्या विहिरीचं, मिलुतीनकाका. मोठं पिंपही मी तिथंच विसळते.”

विहीर उपसली तेव्हा तळाशी काय निघाले, याबद्दल गावात तीन घरांत तीन गोष्टी ऐकाल. कोणी म्हणते बुडालेले कोकरू, कोणी म्हणते पुरात फुटलेल्या, चामडे कमावण्याच्या कुंडाची घाण, आणि तिसरे घर सांगायचे नाकारते, त्यावरून काय ते समजा. गावाने झऱ्याचे पाणी धरले आणि दुखणे ओसरले. तरी मिलुतीनने लगेच कोणाचा हात हातात घेतला नाही. बर्फ वितळेपर्यंत त्याचा एक माणूस झऱ्यावर असे आणि एक या खानावळीत, धाकूशेटच्या समोरच्या बाकावर. संशय पोटात शिरतो एका घोटात, उतरायला मात्र अख्खा हिवाळा घेतो.

वसंतात वाट मोकळी झाली आणि धाकूशेट गेला. पण दुसऱ्या हिवाळ्यात, बर्फ पडण्याच्या बेतात, तो मिरी घेऊन परत आला. त्याच बाकावर बसला, रिंगण काढले, घास मांडले. स्ताना येऊन समोर बसली, चार तिने खाल्ले, पाचवा त्याने. पुढे दर हिवाळ्यात हेच. लोक बघत, आणि मग त्यांनाही वाटू लागले की यजमानाने आधी खाल्ल्याशिवाय पाहुण्याने खाऊ नये. असा रिवाज पडला. संताच्या पिंपाचा नेमही स्तानाने बदलला. दिवा लागेपर्यंत ती बिअर आता अडल्या वाटसरूसाठी खुली, आणि तिचा पहिला घोट घरच्या माणसाचा.

पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या हिवाळ्यात तो आला तेव्हा स्ताना उठत नव्हती. धाकूशेटने चूल पेटवली, प्रोया भाजली, घेवडा शिजवला, झऱ्याच्या पाण्याची बिअर मगात भरून तिच्या उशाशी ताट मांडले. रिंगण काढले. घास ओळीने ठेवले. त्या दिवशी यजमान तो होता, म्हणून चार घास त्याने खाल्ले, यमाचा आणि यमधर्माचा धरून. पाचवा त्याने तिच्या ओठांशी नेला.

स्तानाने त्याच्याकडे बघितले. “शेट, मांजरीला नाही विचारलंत?”

म्हातारा इतका हसला की त्याचे डोळे वाहू लागले, आणि मग ते वाहतच राहिले. तिने घास घेतला. बर्फ वितळायच्या आत ती गेली.

त्या वसंतात वाट मोकळी झाली तरी धाकूशेट गेला नाही. उरलेली वर्षे ही खानावळ त्याने चालवली, असे म्हणतात. टेकडीवर अक्रोडाखाली दोन दगड आहेत, एकावर क्रूस आहे, दुसरा कोरा आहे. राजापुरात कोणी त्याची वाट पाहत होते का, ते मात्र इथे कोणी सांगत नाही.

आजही ओराशिनाची बिअर त्याच झऱ्याच्या पाण्याची असते. आजही इथल्या प्रेब्रानात्समध्ये हिंगाची चिमूट पडते. शेजारच्या गावचे लोक त्यावरून नाके मुरडतात आणि रविवारी इथेच जेवायला येतात. आजही खानावळीतल्या मांजरीला सगळ्यांच्या आधी वेगळ्या बशीत वाढतात, कारण तिचे एक देणे आपल्यावर राहिले आहे असे मालकीण मानते.

आणि मंडळी, आजही इथे कोणी किती मग प्याले ते मांडून ठेवत नाही. उठताना पाहुण्याने आपले आपण सांगायचे, आणि मालकीण मान डोलावते. तिच्या नजरेत संशय शोधू नका, सापडणार नाही. पण ओळीतला तो दुसरा घास कोणाचा आहे ते आत्ताच ऐकलेत, आणि चित्रगुप्ताचे काम काय ते तुम्हाला सांगायला नको. ती पाहा, मालकीण आली. तिचे चार होऊ द्या, मग तुमचा एक घ्या, पोटभर जेवा, मन भरेल तेवढे प्या. एवढीच विनंती, की हिशेब खरा ठेवा.