कोरडा वरणभात

देवीची नथ हरवली. राजपंडित त्र्यंबकशास्त्र्यांनी बसल्या जागी निकाल दिला, की पुजाऱ्याखेरीज गाभाऱ्यात फक्त झाडणारी गोदाक्का जाते, तेव्हा चोर तीच.

"निर्माल्याची टोपली तरी उपसून बघा," म्हातारी रडत म्हणाली.

"डोळे फसवतात. तर्क फसवत नाही," शास्त्री म्हणाले. बोलायला यांचं काय जातं? गोदाक्का कोठडीत गेली.

हे ऐकून शास्त्र्यांच्या पत्नीच्या, उमाबाईंच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी राजा त्यांच्याकडे जेवायला आला. उमाबाईंनी राजाच्या वरणभातावर तूप वाढलं आणि नवऱ्याचं पान सोडून त्या पुढे गेल्या. तुपावाचून जेवायला सुरुवात कशी करायची? शास्त्री हात आखडून बसले.

"अगं, तूप राहिलं."

"कसं राहील? या घरात प्रत्येक पानावर तूप पडतं. हे या घरातलंच पान. तेव्हा तूप पडलंच आहे."

"पण भात कोरडा दिसतोय."

"म्हातारीला कोंडताना तुमचे डोळे फसवे होते. तुपापुरते बरे खरे झाले."

राजाने घास खाली ठेवला आणि देवळात माणूस धाडला. टोपलीतल्या सुकल्या शेवंतीच्या हारात नथ अडकलेली होती.

शास्त्र्यांच्या भातावर तूप पडलं, ते गोदाक्का सुटून घरी पोचल्यावर.