किर्रूचा मोजा आणि छतातलं भोक

एका इमारतीखाली होतं तळघर. तळघरात राहायचा रातकिडा. नाव त्याचं किर्रू. एवढासा! किर्रूचं अंथरूण म्हणजे एक लाल मोजा. वरच्या घरातल्या शेवंतामावशीच्या बाळाला लहान झालेला. मऊ मऊ, ऊबदार.

तळघराच्या छतातून एक पाइप खाली यायचा. पाइपाच्या कडेला होतं भोक. एक दिवस भोकातून आला उंदीर. खुडबुड, खुडबुड! मोजा पळवला नि भोकात पसार!

किर्रू ओरडला, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा मोजा द्या!"

"नाही देत, जा!"

उंदीर कसला ऐकतोय! किर्रूला असा राग आला, असा राग आला! "थांबा, तुमचं भोकच बुजवायला लावतो!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! किर्रू गेला गवंडीकाकांकडे.

"काका, काका, भोक बुजवा! उंदीर मोजा देईना, मी झोपू कशात?"

काका म्हणाले, "नुसतं सिमेंट उंदीर कुरतडतो रे. तारेची घासणी येईल, तर बुजवेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! किर्रू गेला वर मोरीत, घासणीकडे.

"घासणी, घासणी, चल! काका बुजवेनात, उंदीर मोजा देईना, मी झोपू कशात?"

घासणी म्हणाली, "शी! मी खरकटी. नळ सुटेल, तर धुऊन येईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! किर्रू चढला नळावर.

"नळा, नळा, सूट! घासणी येईना, काका बुजवेनात, उंदीर मोजा देईना, मी झोपू कशात?"

नळ म्हणाला, "शेवंतामावशी उठेल, तर सुटेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! किर्रू गेला शेवंतामावशीकडे.

"मावशी, मावशी, ऊठ! नळ सुटेना, घासणी येईना, काका बुजवेनात, उंदीर मोजा देईना, मी झोपू कशात?"

मावशीच्या मांडीवर बाळ. मावशी म्हणाली, "बाळ झोपेल, तर उठेन."

टुणुक! किर्रू बसला बाळाच्या उशीवर.

"बाळा, बाळा, झोप! मावशी उठेना, नळ सुटेना, घासणी येईना, काका बुजवेनात, उंदीर मोजा देईना, मी झोपू कशात?"

बाळ म्हणालं, "ऊं ऊं! गाणं म्हणशील, तर झोपेन."

गाणं? अहो, गाणं तर किर्रूच्या पंखांतच! "किर्र किर्र, गाई कर. किर्र किर्र, गाई कर."

मग काय! बाळ झोपलं. मावशी उठली. नळ सुटला, धो धो! घासणी झाली लख्ख. मावशीनं ती काकांना दिली. काका शिडीवर चढले, खाड खाड! आधी पाइपावर ठोकलं, ठण् ठण् ठण्!

"कोण आहे आत? निघा बाहेर, नाहीतर अडकाल!"

"बाप रे! घे बाबा तुझा मोजा!" मोजा पडला, टप्! उंदीर पळाला, सुर्रर्र! थेट शेतात.

काकांनी भोकात घासणी कोंबली, खस खस. वरून सिमेंट थापलं, थप थप. भोक गायब!

किर्रूचा आनंद पोटात मावेना. टुणकन मोज्यात शिरला नि जोरजोरात गाऊ लागला, "किर्र! किर्र! किर्र!"

"अरे, हळू!" मावशी म्हणाली. "बाळ उठलं तर?"

"मी आहे ना!" किर्रू म्हणाला.

उंदीर शेतात, किर्रू मोज्यात, आणि आपण दुलईत!